नऊशे साठ बोळे

सोमवार, १० जून १९८५

ही वही लिहायला घेण्याचे कारण असे : आज सकाळच्या बैठकीत संचालक स्वेटोझार ग्लिगोरिच यांनी सर्वांसमोर सांगितले की अमेरिकेच्या कामात काही बिघडले तर जबाबदारी अंतिम तपासणी विभागाची राहील. दुपारी बैठकीचे इतिवृत्त टाईप होऊन आले. त्यात हे वाक्य नाही. त्या जागी "सर्वांनी टाळ्या वाजवल्या" असे आहे. टाळ्या कोणीही वाजवल्या नव्हत्या. तेव्हा यापुढे खरोखर काय घडले ते मी स्वतः लिहून ठेवणार.

अंतिम तपासणीची प्रमुख मीच आहे. लेपोसावा येरेमिच, यंत्र अभियंता, बेलग्रेड १९५३. वर्गात चाळीस मुलगे होते आणि मी. या कारखान्यात एकतीस वर्षे झाली. माझ्या शिक्का क्रमांक सातची एकही गाडी आजवर परत आलेली नाही.

काम असे आहे. आमची 'चिग्रा' ही छोटी, मागचे दार वर उघडणारी गाडी अमेरिकेत विकायची. पहिल्या चारशे ऐंशी गाड्या एकोणीस जुलैला बार बंदरातून जहाजाने निघाल्या पाहिजेत. त्याआधी, पंधरा जुलैला, अमेरिकन कंपनीच्या माणसाने त्या तपासून होकार द्यायचा. होकार मिळाला तर पाच वर्षांचे काम. नाही मिळाला तर नवी शेड बंद आणि मार्चमध्ये तिथे घेतलेल्या चौसष्ट बायका घरी. त्यांतल्या निम्म्यांच्या घरात दुसरे कोणी कमावते नाही. संचालक देशाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलतात. मला चौसष्ट हा आकडा जास्त स्पष्ट दिसतो.

अमेरिकन आजच आला. डेल प्रुइट, ओहायो राज्य. उंची जवळजवळ दोन मीटर. चिग्रात बसल्यावर त्याचे गुडघे त्याच्या कानांशी बोलू लागतात. इंग्रजी येणारी इथे मी एकटीच, तीही बॉयलरवरच्या पुस्तकातून शिकलेली. तरी बोलणे समजते.

माझ्या खोलीत येताच त्याने खिडकी उघडली. दार उघडेच होते. मी दार लावले. "फार उकडतंय," असे म्हणून त्याने दार पुन्हा उघडले. मी उठून खिडकी लावली. असे दोनदा झाले. शेवटी आम्ही अंगणात उभे राहून बोललो.

बुधवार, १२ जून

प्रुइटने त्र्याहत्तर बदलांची यादी दिली. बहुतेक समजण्यासारखे आहेत. जाड बंपर, जास्त दिवे, पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी. एकेचाळीसावा मुद्दा मला तीनदा वाचावा लागला : चालकाच्या शेजारी कॉफीचा कप ठेवायला खळगा.

नव्या शेडची मुकादम मिलुन्का हिला यादी वाचून दाखवली. वय पन्नास, आधी वीस वर्षे गाद्यांच्या विभागात होती. तिच्या हाताखालच्या बायका गाडीच्या आतले सगळे बसवतात.

"गाडी चालवता चालवता कॉफी?" ती म्हणाली. "मग गप्पा कोणाशी मारायच्या?"

"एकटाच पितो."

"अगं आई गं! बायको सोडून गेली काय?"

"यादीत तसं काही लिहिलेलं नाही."

"असं कोण लिहील, बाई? पण बघा ना, कॉफीला खळगा आणि सोबतीला कोणी नाही." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीने घरून चेरीचा मुरंबा आणायचे ठरवले. दुपारी प्रुइटला चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी दिले गेले. त्याने मुरंबा पाण्यात ढवळला. आमच्याकडे आधी मुरंबा खातात, मग पाणी पितात.

सोमवार, १७ जून

खळगा तयार झाला. काम उत्तम. आमच्या उपाहारगृहातला कॉफीचा कप त्यात असा बसतो की अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. प्रुइटने तो खळगा पाहिला, त्यात दोन बोटे घातली आणि पिशवीतून स्वतःचे पत्र्याचे भांडे काढले. अर्धा लिटरचे.

"हा कप," तो म्हणाला.

"ही बादली आहे," मिलुन्का म्हणाली. "याला सांगा, एवढी कॉफी आम्ही श्राद्धालासुद्धा करत नाही."

"ती काय म्हणाली?" त्याने विचारले.

"माप पुन्हा घेऊ म्हणाली."

मग त्याने पाकिटातून एक फोटो काढला. त्याची आई विल्मा, वय शहात्तर, ॲरिझोना नावाच्या प्रांतात एकटी राहते. तिथे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश. पहिल्या गाड्यांतली एक तिच्यासाठी आहे. फोटोत ती बिनबाह्यांच्या कपड्यात पोहण्याच्या तलावाशेजारी उभी आहे.

मिलुन्काने फोटो बराच वेळ पाहिला. "केस ओले आहेत," ती हळूच म्हणाली. "आणि गळ्याला काहीसुद्धा बांधलेलं नाही."

"या वयात!" मागून कोणीतरी म्हणाले.

फोटो चौसष्ट जणींच्या हातांतून फिरला. त्यात बावीस मिनिटे काम थांबले. नोंद केली.

शुक्रवार, २१ जून

वाईट दिवस.

प्रुइटने वीस गाड्यांची चाचणी घेतली. समोरच्या फळीत दोन्ही बाजूंना हवेच्या जाळ्या आहेत. त्याने प्रत्येक जाळीपुढे पातळ कागदाची पट्टी धरली आणि पंखा सुरू केला. पट्टी फडफडली पाहिजे, असा त्याच्या यादीतला बासष्टावा मुद्दा आहे. वीसपैकी आठ गाड्यांत पट्टी हललीसुद्धा नाही.

"पंखा चालतो," मी म्हटले. "आवाज ऐका."

"आवाज गाल थंड करत नाही, मॅडम. आमच्याकडे माणूस गाडीत बसला की पहिल्यांदा हवा चेहऱ्यावर सोडतो."

"चेहऱ्यावर?"

"चेहऱ्यावर, मानेवर, शर्टाच्या आत. मिळेल तिथे."

मला नीट ऐकू आले का, हे त्याला पुन्हा विचारावे असे क्षणभर वाटले. परंतु विषय तो नव्हता. बिघाड होता आणि तो माझ्या विभागातून निसटला होता. आमच्या पत्रकात मुद्दा शहाण्णव : पंखा चालतो, होय. मुद्दा सत्त्याण्णव : जाळीच्या पट्ट्या चारही दिशांना फिरतात, होय. हवा बाहेर येते का, हे एकतीस वर्षांत कोणी विचारलेले नाही.

दुपारी मी स्वतः फळी उघडली. जाळीच्या मागे नळीत एक बोळा होता. दारांच्या आत आवाज दबावा म्हणून जो जाड नमदा लावतो, त्याच्या तुकड्यांचा. दुसऱ्या बाजूला दुसरा बोळा. आठही गाड्यांत तसेच.

हा बिघाड नाही. कोणीतरी हे केले आहे. बोळ्याची शिवण बारीक आणि एकसारखी आहे, हेही न्यायाने लिहिले पाहिजे.

मंगळवार, २५ जून

चौकशी. एकेकीला खोलीत बोलावले. खिडकी लावलेली होती, म्हणून निदान शांतपणे बोलता आले.

"हा बोळा ओळखता?"

"नाही, कॉम्रेड इंजिनिअर. छान आहे पण."

दुसरी म्हणाली, "कारखान्यातूनच आला असेल. अशा गोष्टी कारखान्यातूनच येतात."

तिसरी रडली. चौथीने तिसरी का रडली ते विचारले आणि तीही रडली. मिलुन्का शेवटी आली. बोळा हातात घेतला, उलटापालटा केला, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"काय म्हणता?" मी विचारले.

"कडेचा टाका जरा सैल आहे. तिला सांगते," ती म्हणाली. मग थांबली. "म्हणजे, जी कोणी असेल तिला."

निष्कर्ष : कोणालाच काही माहीत नाही. प्रुइटला सांगितले की तपास प्रगतिपथावर आहे.

घरी माझे यजमान तिहोमिर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून पडले होते. काल प्रुइटने त्यांना गाडीतून बाजारापर्यंत सोडले, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवून. डावीकडे मान वळत नाही. म्हटले, तुम्ही सांगितले का नाही? तर म्हणाले, परका माणूस, त्याला काय सांगायचे. मानेवर गावठी दारूत भिजवलेले फडके ठेवले.

शुक्रवार, २८ जून

तीन दिवसांत, तयार असलेल्या सगळ्या गाड्यांतून, चारशे सहा बोळे काढले. पुरावा म्हणून माझ्या कोठीत कुलूप लावून ठेवले. किल्ली खिळ्याला.

सोमवार, १ जुलै

सगळ्या गाड्यांत पुन्हा बोळे. कोठी उघडून पाहिली. पुरावा चोरीला गेला आहे. जे बसवलेत ते तेच बोळे आहेत. कडेचे टाके मात्र पक्के केलेले आहेत.

मंगळवार, २ जुलै

पाळी सहाला सुरू होते. आज मी पाचलाच शेडमध्ये गेले. चौसष्टही जणी आधीच हजर होत्या, डोक्याला रुमाल बांधून, दोन-दोन जणी एकेका गाडीत वाकून. कॉफीचा वास येत होता. मला पाहून कोणी पळाले नाही. मिलुन्का गाडीतून बाहेर आली. हातात बोळा.

"आता काय सांगणार आहात?" मी विचारले.

"खरं तेच," ती म्हणाली. "त्या म्हातारीचा फोटो पाहिलात ना तुम्ही? ओले केस, उघडा गळा. आणि हा तिचा मुलगा म्हणतो, हवा तोंडावर सोडा, मानेवर सोडा. कॉम्रेड इंजिनिअर, आई आहे ती त्याची!"

"तिकडे तसंच चालतं."

"चालत असेल. म्हणून तर एकेकट्याने कॉफी पितात, घरात कोणी उरलंच नसेल. लहान लेकरं बसणार त्या गाड्यांत. त्यांचे कान किती नाजूक! एकेकीने आपापल्या घरी मान आखडून पडलेलं माणूस पाहिलंय. माझा सासरा वाऱ्यानेच गेला."

"तुमचे सासरे ट्रॅक्टरखाली गेले."

"मान वळत नव्हती म्हणून ट्रॅक्टर दिसला नाही."

मी तिला परिस्थिती सांगितली. पंधरा तारीख, होकार, नकार, चौसष्ट जणी. ती म्हणाली, "ते आम्ही सगळ्यांनी बसून बोललोय. नोकरी हवी आहे. माझ्या धाकटीचं लग्न व्हायचंय, मलाही ती तितकीच हवी आहे. पण लोकांच्या माना मोडून मिळवलेली भाकरी घशाखाली कशी उतरायची? तुम्हीच सांगा. तुम्ही तर आपल्या खोलीची खिडकी जूनमध्येसुद्धा उघडत नाही."

"तो वेगळा विषय आहे."

"कसा?"

मी वही मिटून खोलीत गेले. पहाटे उठल्यामुळे मी थकले होते, हे त्याचे कारण.

शुक्रवार, ५ जुलै

संचालक शेडमध्ये समज द्यायला आले. पुढचे मोठे दार उघडे होते आणि मागचेही. ते प्रतिष्ठेबद्दल बोलले, जगाच्या बाजारपेठेबद्दल बोलले, अंधश्रद्धेबद्दल बोलायला लागले आणि मध्येच थांबून म्हणाले, "आधी ते मागचं दार लावा कोणीतरी."

चौसष्ट जणींनी एकमेकींकडे पाहिले. भाषण तिथेच संपले.

नंतर खोलीत ते मला म्हणाले, "सगळ्यांना काढून टाकेन!"

"मग गाड्या कोण पुऱ्या करणार? दहा दिवस आहेत."

"तुम्ही काहीतरी करा. शिक्का तुमचा आहे."

शिक्का माझा आहे हे खरे. बोळे ठेवून शिक्का मारला तर मी खोटे बोलले. बोळे काढून, बायका नको म्हणत असताना, मारला तर... ते वाक्य मी अर्धे सोडते आहे. मला अर्धी वाक्ये आवडत नाहीत.

प्रुइटला कारण सांगावेच लागले. तो आधी खूप हसला. मग कोणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आले.

"वारा माणसाला मारतो?"

"एकदम नाही," मी म्हटले. "आधी मान, मग कान, मग मूत्रपिंड."

"मॅडम, वीस कोटी अमेरिकन माणसं रोज वाऱ्यात बसतात."

"त्यांच्या माना कोणी तपासल्या आहेत?"

त्याच्याकडे आकडेवारी नव्हती. पण तो म्हणाला, पंधरा तारखेला प्रत्येक पट्टी फडफडली पाहिजे, नाहीतर त्याला रिकाम्या हाताने परत जावे लागेल, आणि त्यालाही ते नको आहे. हे तो खरे बोलला असे वाटले. त्याने आजवर तीन वेळा मुरंबा मागून घेतला आहे.

सोमवार, ८ जुलै

उपाय सापडला. मला तो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. ज्या गोष्टीबद्दल वाद आहे तिची चाचणी घ्यायची.

उद्या दुपारी दोनला मी बोळे काढलेल्या चिग्रात बसेन. दारे बंद, पंखा पूर्ण, दोन्ही जाळ्या उघड्या. वेळ वीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी सकाळी मान ठीक असेल तर सगळे बोळे निघतील. मान आखडली तर बोळे राहतील आणि मी शिक्का मारणार नाही. बायकांनी हे मान्य केले. मिलुन्काने एक अट घातली : केस ओले हवेत, कारण त्या बाईंचे ओले होते.

अट वाजवी आहे. चाचणी सर्वांत वाईट परिस्थितीत घ्यावी, असे मलाही शिकवले गेले होते.

संध्याकाळी तिहोमिरना जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या कुठे आहेत, विम्याचे कागद कुठे आहेत आणि इस्त्री कशी बंद करतात ते दाखवले. ते म्हणाले, "लेपा, वेडी झालीस का? वयाला शोभतं का हे?" मी म्हटले, विज्ञानाला वय नसते. त्यांनी मला त्यांचा टॉवेल देऊ केला. घेतला नाही. तो चाचणीत बसला नसता.

मंगळवार, ९ जुलै

बाहेरचे तापमान चौतीस. उपस्थिती चौसष्ट, शिवाय संचालक, प्रुइट आणि कंपाउंडर, ज्याला मी बोलावले नव्हते. एकीने बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतले.

मी गाडीत बसले, पाठ सरळ, मान ताठ, दृष्टी समोर. प्रुइटने घड्याळ लावले.

पहिल्या मिनिटाला थंड वारा थेट मानेवर. बाहेर कोणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. संचालकांनी तिकडे पाहिले नाही.

सहाव्या मिनिटाला मिलुन्का काचेपाशी आली. "पुरे करा हो बाई! आम्ही हरलो म्हणतो. बाहेर या!" मी मान न हलवता हाताने नको म्हटले. चाचणी अर्धी सोडायची नसते.

नवव्या मिनिटाला दोघी-तिघी रडत होत्या. कंपाउंडर सिगारेट ओढत होता.

बाराव्या मिनिटानंतर मला... हे फक्त इथेच लिहिते. बरे वाटले. शेडमध्ये उकडत होते आणि मी एकटी थंड होते. असे पाचसहा मिनिटे. त्यानंतर मी पुन्हा गंभीर झाले.

वीस मिनिटांनी उतरले. मिलुन्काने मला लोकरीच्या शालीत गुंडाळले. चौतीस अंशांत. मी ती काढली नाही.

बुधवार, १० जुलै

मान आखडली आहे. उसण भरली आहे. डावीकडे अजिबात वळत नाही.

तिहोमिरनी पलंगावरून पाहिले आणि त्यांना सगळे कळले. "कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "टोपी घाल, सरळ बघ, दिवसभर कोणाच्या डावीकडे बसू नकोस. चौसष्ट घरं चालतील, लेपा."

मी दारात बराच वेळ उभी राहिले. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण टोपी मी शोधली होती.

मग ठेवून दिली. निकाल गैरसोयीचा असला म्हणून तो बदलत नाही.

शेडमध्ये सगळ्या वाट पाहत होत्या. मी आत गेले. डावीकडून कोणीतरी "शुभ सकाळ" म्हणाले आणि मला एखाद्या कपाटासारखे सबंध वळावे लागले. काही सांगायची गरज राहिली नाही. तरी सांगितले : "मान आखडली आहे. बोळे राहतील. मी शिक्का मारणार नाही."

मला वाटले होते त्या खूश होतील. कोणीच झाली नाही. मिलुन्काने तोंडावर हात ठेवला. मग आत गेली आणि मोज्यात गरम मीठ भरून आणले, माझ्या मानेवर ठेवले आणि धरून उभी राहिली. "आमच्यामुळे झालं," ती म्हणाली. "आणि घरीही आम्हालाच बसायचंय." मीठ छान गरम होते. कोणीही कामाला गेले नाही.

प्रुइट आला. मी त्याला सांगितले. त्याने टोपी काढली, डोके खाजवले आणि विचारले, "मॅडम, तुम्ही वीस मिनिटं तशाच बसला होता?"

"तसंच ठरलं होतं."

"पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या? जाळी थेट मानेवर ठेवून?"

"जाळी जिथे असते तिथेच होती."

"पण वळवली का नाही?"

तो गाडीत शिरला, गुडघे कानांशी घेतले आणि एका बोटाने जाळीच्या पट्ट्या वर ढकलल्या. मग पंखा लावला. वारा छताकडे गेला. त्याने पट्ट्या उजवीकडे केल्या. वारा खिडकीकडे गेला. खाली केल्या. वारा गुडघ्यांवर.

"हे वळतं?" मिलुन्का म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हटले, "अर्थात वळतं. मुद्दा सत्त्याण्णव. मी रोज तपासते."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"चारही दिशांना फिरतात, होय, एवढाच रकाना आहे. कशासाठी फिरतात, हा रकाना नाही."

मिलुन्का स्वतः गाडीत बसली. पट्ट्या वर केल्या, खाली केल्या, मानेपासून शक्य तितक्या दूर नेल्या. ओल्या बोटाने वारा कुठे जातो ते पाहिले. मग बाकीच्या आळीपाळीने बसल्या. तासभर गेला. नोंद करायची राहिली.

"ही अशी वर करून ठेवली," मिलुन्का अखेर म्हणाली, "तर म्हातारीला काही होणार नाही. वारा आपला छताशी बोलत बसेल. मग घ्या तुमचे बोळे."

"प्रत्येक गाडीत वर करूनच पाठवायची," मी म्हटले. "आणि माहितीपुस्तिकेत तसं लिहायचं."

प्रुइट म्हणाला, "लिहा काय हवं ते." त्याला याचा पश्चात्ताप होईल हे मला तेव्हाच कळले होते.

शुक्रवार, १२ जुलै

माहितीपुस्तिकेसाठी बायकांनी अकरा सूचना दिल्या. मी त्या इंग्रजीत लिहिल्या. ओल्या केसांनी गाडीत बसू नये. समोरासमोरच्या खिडक्या एकाच वेळी उघडू नयेत. लहान मुलांना टोपी घालावी. घाम आला असताना थांबावे. गाडी बंद पडल्यास थंड दगडावर बसू नये, विशेषतः बायकांनी. कॉफी शक्यतो कोणाबरोबर तरी प्यावी. इत्यादी.

प्रुइटने दहा खोडल्या. एक ठेवली, तीही त्याच्या शब्दांत : हवेची दिशा आपल्या सोयीप्रमाणे ठेवावी.

मी ती बायकांना वाचून दाखवली. त्या विचारात पडल्या. "सोयीप्रमाणे म्हणजे मानेपासून लांब," मिलुन्का म्हणाली. "एवढं तर कोणालाही कळेल." मंजूर.

बोळे काढणे सुरू. माझी मान आता थोडी वळते.

सोमवार, १५ जुलै

प्रुइटने साठ गाड्या स्वतः निवडल्या. एकशे वीस जाळ्या. मी मागे वही घेऊन. शेडमध्ये यंत्रे बंद होती, कारण कोणी चालवत नव्हते. प्रत्येक कागदाची पट्टी फडफडली. एकशे विसावी जरा उशिराने, तेव्हा संचालक भिंतीला टेकले.

प्रुइटने कागदावर सही केली. खळग्यात, नव्या मापाच्या, आपले भांडे ठेवून पाहिले. बसले.

"पाच वर्षं?" मिलुन्काने मला विचारले.

"पाच वर्षं."

ती उलट्या खोक्यावर बसली, मग उठली, खोक्यावर नमद्याची घडी ठेवली आणि पुन्हा बसली. रुमालाने डोळे पुसले. कोणीतरी दारूची बाटली काढली. कामाच्या वेळेत मद्यपानाला बंदी आहे. मी मान फिरवली, आणि ती दोन्ही बाजूंना सहज फिरवता आली, हे नोंदवते.

बुधवार, १७ जुलै

मालगाडी सकाळी नऊला बारकडे निघाली. निघण्यापूर्वी मी चारशे ऐंशी गाड्यांच्या खिडक्या स्वतः पाहिल्या. सगळ्या बंद.

आज दिल्या-घेतल्याची नोंद :

डेल प्रुइट यांच्या हवाली : चिग्रा गाड्या चारशे ऐंशी, प्रत्येकीवर शिक्का क्रमांक सात. किल्ल्या नऊशे साठ. माहितीपुस्तिका चारशे ऐंशी. चेरीचा मुरंबा तीन बरण्या, बायकांकडून, पाण्यात न ढवळण्याच्या बोलीवर.

मिलुन्का यांच्याकडून कोठीत जमा : नमद्याचे बोळे. असायला हवे नऊशे साठ. दोनदा मोजले. आहेत नऊशे अठ्ठावन्न.

कुठे गेले असे विचारता मिलुन्का म्हणाली, "उंदरांनी नेले असतील, कॉम्रेड इंजिनिअर."

आमच्या कोठीत उंदीर नाहीत. मालगाडी तोवर पुलापलीकडे गेली होती.

कमी : दोन, म्हणजे एका गाडीचे. कारण : उंदीर. पुढील तपास : आवश्यक नाही.

सही, शिक्का क्रमांक सात.